चार नंबरची सीट

लाईट गेली तेव्हा फायर स्टेशनातली नवी पोरं मोबाईलच्या उजेडात पत्ते खेळत होती. रात्रपाळीचा जुना ड्रायव्हर, ज्याला सगळे वस्ताद म्हणतात, खाटेवर पाय लांब करून पडला होता. बाहेर दोन्ही बंब अंधारात उभे होते.

"वस्ताद, काहीतरी सांगा की. हा नुसता लबाडी करतोय," एक जण म्हणाला.

"लबाडीला अक्कल लागते. तो नुसता हरतोय," वस्ताद म्हणाला. "मोबाईल विझवा आधी. मध्ये बोलायचं नाही. आणि ही गोष्ट नाही, एवढं ध्यानात ठेवा. ज्याच्यावर बेतली तो माणूस पुढे माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचा. म्हणजे, पडून राहायचा. झोपताना मी त्याला कधी पाहिलं नाही."

मोबाईल विझले. वस्तादने सांगितलं ते असं.

डिसेंबरचा तिसरा शुक्रवार होता. रात्री नऊच्या सुमाराला दोघं भाऊ हायवेवरच्या कारखान्यात दोन नंबरचा बंब आणायला गेले. थोरल्याला सगळे फिटर म्हणायचे. स्टेशनातले बंब दुरुस्त करायचं काम त्याचं. धाकटा तिथेच फायरमन. काम तसं किरकोळ होतं. बंब तयार झालेला, तो घ्यायचा आणि चालवत घरी आणायचा. जाताना दोघं एसटीने गेले. धाकट्याच्या मांडीवर पिशवीत एक सेट होता, मापाला लागेल म्हणून घेतलेला.

सेट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडावर मास्क, धुरात तेवढाच आपला श्वास. त्या वेळी हे सेट बंबाच्या कुशीतल्या पेटीत ठेवलेले असायचे. जागेवर पोहोचायचं, पेटी उघडायची, सेट काढायचा, पट्टे आवळायचे, मग आत. दोन-तीन मिनिटं सहज जायची. आणि धाकट्याची खोड अशी की त्याला थांबता यायचं नाही. वरून कोणी ओरडलं की हा पेटीकडे बघायचासुद्धा नाही. तोंडाला ओला रुमाल आणि सरळ आत. एकदा काळं खोकत बाहेर आला. एकदा रस्त्यावर बसून ओकला, आणि ओकता ओकता हसला.

"एक दिवस मला तुला खांद्यावर न्यावं लागेल," फिटर त्याला म्हणायचा.

"मग जेवण कमी करतो दादा, तुझी कंबर दुखते ना," हा म्हणायचा.

आईबाप लवकर गेलेले. धाकटा तेव्हा चड्डी उलटी घालायच्या वयाचा. त्याचं नाक पुसण्यापासून भरतीचा फॉर्म भरण्यापर्यंत सगळं फिटरने केलेलं. स्वतःचं लग्नबिग्न काही केलं नाही. त्याला दुसरं कोणीच नव्हतं.

मग त्याने कुठल्यातरी मोठ्या स्टेशनात वेगळ्या तऱ्हेचा बंब पाहिला. सेट पेटीत नाहीत, सीटच्या पाठीतच बसवलेले. सीटच्या पाठीला पोलादी पकड, पकडीत सिलिंडर. फायरमनने सीटवर बसायचं, पट्ट्यांत हात घालायचे, वाटेतच आवळायचं. बंब थांबला की उभं राहायचं. खटका दाबला जातो, पकड सुटते, सेट पाठीवर आलेला असतो. फिटरच्या डोक्यात तेच बसलं. धाकटा थांबत नाही ना? मग सेट घातल्याशिवाय त्याला उतरताच येणार नाही, असं करून टाकायचं. वर्षभर तो साहेबांच्या मागे लागला. साहेब शेवटी म्हणाले, "बसव बाबा, पण माझा पिच्छा सोड."

तर त्या रात्री कारखान्यात गेले, आणि घोडं अडलं. पकडी चार हव्या होत्या. आलेल्या तीन.

"चौथी पंधरा दिवसांनी," कारखान्याचा मिस्त्री म्हणाला. "तीनवर भागवा."

"कुठली सीट राहिलीय?"

"चार नंबर."

चार नंबर म्हणजे दाराजवळची. सगळ्यात आधी उतरणाऱ्याची. म्हणजे धाकट्याची.

फिटर अंगणात बिडी ओढायला गेला. तिथे मोडीत काढलेला एक जुना बंब गवतात उभा होता. दुसऱ्याच कुठल्या तरी गावचा. आत डोकावून बघितलं तर सीटच्या पाठीत पकडी. तीन गंजून गेलेल्या. चौथी मात्र शाबूत. तेल घातल्यासारखी.

"ही काढ की," फिटर म्हणाला.

मिस्त्रीने मान खाजवली. "ती नको. माझी पोरं त्या सीटला हात लावत नाहीत."

"का रे?"

"त्या गावात गोडाऊनला आग लागली होती. त्या सीटवरचा आत गेला. हवा संपत आली की सेट शिट्टी वाजवतो ना... ती शिट्टी बाहेर सगळ्यांना ऐकू येत होती म्हणे. पुष्कळ वेळ. धुरात कोणाला तो सापडेना. मग शिट्टी थांबली." मिस्त्रीने हातातलं फडकं झटकलं. "तो काही मिळाला नाही. छत खाली आलं."

"वाईट झालं," फिटर म्हणाला. "पण लोखंडाला काय माहीत, कोण गेलं ते." आणि त्याने स्वतः पाना घेतला.

पंधरा दिवस थांबायची त्याची तयारी नव्हती, एवढंच. पंधरा दिवसांत किती आगी लागतात, ते त्याला ठाऊक होतं.

पकड बसली. बरोबर आणलेला सेट तीत लावला. धाकटा बसला, हात घातले, उभा राहिला. खट! सुटली. परत बसला, परत उठला. खट.

"दादा, आता मला पळून जायचं म्हटलं तरी हे बोचकं पाठीवर घेऊनच पळावं लागणार."

"तेवढ्यासाठीच केलंय," फिटर म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा तो हसला असेल.

साडेदहाला निघाले. फिटर चालवायला, धाकटा मागे चार नंबरवर. टाकीत पाणी नव्हतं, बाकीच्या तीन पकडी मोकळ्या. रस्ता खराब. आणि जुनी पकड थोडी झिजलेली असणार, कारण सिलिंडर तीत वाजायला लागलं. खडखड, खडखड. असा आवाज की डोकं उठावं.

एका टपरीवर चहाला थांबले. आता बघा, आपल्या धंद्यात खडखड कोणाला सहन होत नाही. आपण सगळेच काय करतो? जुन्या होजपाइपचा रबराचा तुकडा कापतो आणि फटीत ठोकतो. तुम्हीही करता, मला माहीत आहे. फिटरनेही तेच केलं. हातोडीने दोन ठोके. आवाज बंद.

"अडकणार नाही ना?" धाकट्याने विचारलं.

"मी ठोकलंय. अडकेल कसं?"

बाहेर थंडी होती. धाकटा म्हणाला, मागे गार लागतंय, मी पुढे येतो. पुढे इंजिनाची ऊब असते. तो फिटरच्या शेजारी बसला आणि चहाचा घोट पोटात जिरायच्या आत काचेला डोकं टेकून झोपला.

बंब चालला होता. खडखड नव्हती. आणि खडखड नव्हती म्हणूनच फिटरला ते ऐकू आलं.

श्वास.

साधा नाही. मास्कमधून घेतलेला. आत घेताना घरघर, सोडताना फस्स. तुम्ही ट्रेनिंगमध्ये ऐकलाय तो. एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. संथ चालला होता. आत... बाहेर. आत... बाहेर.

शेजारी अंधार होता; फिटरला वाटलं, हा पोरटा परत मागे जाऊन खेळतोय. त्याने वरच्या आरशात बघितलं. समोरून ट्रक आला, त्याचा उजेड केबिनमधून फिरला. चार नंबरवर कोणीतरी बसलेलं. ताठ. पट्टे आवळलेले. तोंडावर मास्क.

"हवा फुकट घालवू नकोस," फिटर आरशाकडे बघून म्हणाला. "काढ तो मास्क आणि झोप."

"झोपलोच होतो की," धाकटा म्हणाला.

त्याच्या शेजारून.

(इथे पोरांतला एक जण काहीतरी पुटपुटला. दुसऱ्याने त्याला गप्प केलं.)

फिटरचा पाय ब्रेकवर गेला नाही. हात स्टिअरिंगवरून हलेनात. रस्ता सरळ होता म्हणून बरं. आणि मागे शिट्टी सुरू झाली.

बारीक. चिरकी. न थांबणारी.

"दादा... सेट वाजतोय."

म्हणजे त्यालाही ऐकू येत होती. फिटरने बंब कडेला घेतला. इंजिन बंद केलं. शिट्टी चालूच. दोघं उतरले, मागचं दार उघडलं.

शिट्टी थांबली.

टॉर्च मारला. कोणी नाही. चार नंबरवर सेट पकडीत बसलेला, पट्टे लोंबत होते. धाकट्याने व्हॉल्व्ह चाचपला. घट्ट बंद. व्हॉल्व्ह बंद असला की शिट्टी वाजत नाही. वाजूच शकत नाही. त्याने उघडून बघितला. काटा पूर्ण भरलेल्यावर. हवा अख्खी होती.

मग टॉर्च मास्कवर गेला. काचेला आतून वाफ धरली होती.

"मी कारखान्यात तोंडाला लावला होता," धाकटा म्हणाला. "त्याची असेल."

"दीड तास राहते वाफ?"

धाकट्याने काचेच्या आत बोट फिरवलं, ते ओलं झालं.

"ही पकड मी उद्या काढून टाकतो," फिटर म्हणाला. "उद्या कशाला? सेट आत्ताच काढून पुढे घेऊ." आणि त्याने पकडीकडे हात नेला. बोटं पोलादाला लागली...

तेवढ्यात वायरलेस बोलला.

बाजारामागच्या गल्लीत आग. खाली गाद्यांचं दुकान, वर माणसं राहतात. एक नंबर दुसऱ्या कॉलवर होता, तिथून सुटलाय, यायला वेळ लागेल. दोन नंबर कुठे आहे? दोन नंबर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर होता.

फिटरने हात मागे घेतला. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं आपण म्हणतो. त्या रात्री दोन्ही एकदमच आले होते.

धाकटा मागे चढला. चार नंबरवर बसला. शिकवलं होतं तसं. हात घातले, पट्टे आवळले.

"आपल्याकडे पाणी नाही," फिटर गाडी दामटत ओरडला. "एकट्याने आत जायचं नाही. एक नंबर येईपर्यंत माणसं मागे हटवायची. बास."

"हो दादा."

"हो म्हणू नकोस. शपथ घे."

"हो रे दादा."

गल्लीत माणसं रस्त्यावर उभी होती. दुकानाच्या शटरखालून पिवळा धूर येत होता. गादीचा धूर. दोन-चार श्वासांत माणूस आडवा होतो. बंब थांबला तशी एक बाई धावत आली आणि दाराला लटकली. "वर माझे वडील आहेत! त्यांना जिना उतरता येत नाही हो!"

धाकटा उभा राहिला.

खट आवाज आला नाही.

तो परत बसला, जोर लावून उठला. पट्टे खांद्यात रुतले. सीट हलली. पकड सुटेना.

"दादा!"

फिटर मागे आला. टॉर्च तोंडात धरला. त्याने ठोकलेलं रबर रस्त्याच्या हादऱ्यांनी आत गेलेलं. खटक्याच्या पार खाली. पान्याचं टोक घातलं. निघेना. स्क्रू-ड्रायव्हर घातला. टोक मोडलं.

"थांब. काढतो मी. थांब."

बाई ओरडत होती. वरच्या मजल्यावर खिडकीची काच आतून कोणीतरी वाजवत होतं. हळू. जोर नव्हता त्यात.

"दादा, तो म्हातारा काच वाजवतोय."

"मी काढतोय ना!"

"किती वेळ?"

"हा बघ... आत्ता..."

फिटरला पुढे आयुष्यभर एकच गोष्ट आठवायची. पट्टे सैल पडले. एवढंच. तो खाली वाकून रबर उकरत होता, आणि त्याच्या कानाजवळचे पट्टे सैल पडले. मान वर करेपर्यंत सीट रिकामी. धाकटा ओला रुमाल तोंडाला लावून जिन्याच्या दारात होता. वळला. हसला की काय ते धुरात नीट दिसलं नाही.

मग तो दिसला नाही.

फिटर ओरडला नाही. ओरडून काय होणार? तो पकडीला भिडला. सेट सुटला की तोंडाला लावायचा आणि त्याच्या मागे आत जायचं. नखं तुटली. रक्ताने बोटं घसरायला लागली.

आणि आतून शिट्टी ऐकू आली.

जिन्यातून. बारीक. चिरकी. पहिल्या मजल्यावर. मग दुसऱ्या. वर जात होती. आत सेट नव्हता. त्या बंबात एकच सेट होता आणि तो फिटरच्या हातात होता. पकडीत. व्हॉल्व्ह बंद.

गल्लीतल्या सगळ्यांनी ती ऐकली. बाईने ओरडायचं थांबवलं. "ते काय वाजतंय?" तिने विचारलं.

फिटरला माहीत होतं, ती वाजली म्हणजे काय. हवा संपत आलीय. बाहेर ये. सगळं सोड आणि बाहेर ये.

शिट्टी तिसऱ्या मजल्यावर पोहोचली. खिडकीवरचं वाजणं बंद झालं. मग शिट्टी वळली. खाली येऊ लागली. एक वळण उतरली. फिटर मनात मोजत होता, ये... ये... अजून थोडा...

दुसऱ्या मजल्यावर ती थांबली.

काही नाही.

काहीच नाही.

खट.

पकड आपोआप उघडली. सेट फिटरच्या मांडीत पडला. भरलेला.

त्याने तो चढवला. नीट चढवला, पट्टे आवळले, मास्क तपासला, एवढा शहाणा तो होता. दारापर्यंत गेला. एक नंबर त्याच क्षणी गल्लीत वळला आणि त्यातल्या दोघांनी त्याला मागून धरलं. तुझं काम नाही म्हणाले. त्याने मारामारी केली. एकाचा दात पडला. आत दुसरे दोघं गेले.

धाकटा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मिळाला. म्हातारा त्याच्या खांद्यावर होता. जिवंत कोणीच नव्हतं. दोघांना खाली आणून रस्त्यावर ठेवलं, बाईला कोणीतरी घरात नेलं.

एक नंबरच्या म्होरक्याने धाकट्याच्या तोंडावर टॉर्च धरला आणि धरूनच राहिला. केस काळे, कान काळे, मान काळी. काजळी सगळीकडे. पण कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा स्वच्छ होता. डोळ्यांभोवती, नाकाभोवती, एक कणसुद्धा नाही. आणि त्या स्वच्छ जागेच्या काठाने रबराचा लाल वळ. खोल उमटलेला. कोणीतरी पट्टे फार घट्ट आवळावेत तसा.

"याने मास्क घातला होता," म्होरक्या म्हणाला. "काढला कोणी? सेट कुठाय याचा?"

फिटर गुडघ्यांवर बसला. पाठीवरचा सेट अजून होता, त्याने तोंडाचा मास्क उतरवला आणि भावाच्या चेहऱ्यावर ठेवला. हळूच. झोपलेल्या पोराला पांघरूण घालावं तसा. वळाशी जुळतो का, ते त्याला बघायचं होतं.

बसला नाही. मास्क मोठा होता, चौकोनी हनुवटीचा. तसलेच सगळ्या स्टेशनात होते.

वळ लहान होता. गोल. गवतातल्या त्या मोडीतल्या बंबाच्या काळात वापरायचे तसल्या, नाकासमोर जाड नळी जोडायच्या जुन्या मास्कचा. तिथे उभ्या असलेल्यांपैकी कोणीच तसला मास्क कधी हातात घेतला नव्हता.